कात्रीतून घडलेला अभिनय

ॲनिमेशन म्हटलं की डोळ्यांसमोर पेन्सिल येते आणि एकावर एक ठेवलेल्या कागदांवर किंचित बदलत जाणारं चित्र येतं. वॉल्ट डिस्नेचा 'स्नो व्हाइट' 1937 सालचा. त्याच्या 11 वर्षं आधी, 1926 मध्ये, बर्लिनच्या पडद्यावर तासाभराहून मोठा एक ॲनिमेशनपट आला होता आणि त्यातलं एकही पात्र पेन्सिलीने हललेलं नव्हतं. अरबी सुरस कथांवर बेतलेल्या 'प्रिन्स अहमदची साहसं' या चित्रपटातली पात्रं काळ्या कागदातून कात्रीने कापलेली होती. ती कापणाऱ्या लोटे रायनिगर यांचं नाव आज घेतलं जातं ते बहुधा 'इतक्या जुन्या काळात एका स्त्रीने हे केलं' अशा कौतुकाने. हे कौतुक मला अपुरं वाटतं. त्यांच्या सुरुवातीच्या वर्षांकडे नीट पाहिलं तर लक्षात येतं की त्या ॲनिमेशनकडे चित्रकलेच्या वाटेने आल्याच नाहीत. त्या नाटकाच्या विंगेतून आल्या, आणि त्यांच्या कामाचं सगळं बळ तिथलं आहे.

जन्म 2 जून 1899 चा, बर्लिनच्या शार्लोटेनबुर्ग भागातला. काळ्या कागदातून आकृत्या कापणं हा त्या काळी जर्मन घरांतला सर्रास छंद होता. लोटेचा हात त्यात लहानपणीच बसला. कात्री उजव्या हातात जवळजवळ स्थिर धरायची आणि डाव्या हाताने कागद फिरवत न्यायचा, ही त्यांची पद्धत. घरच्या घरी सावल्यांचा छोटा रंगमंच उभारून त्यांनी शेक्सपिअरची नाटकंही करून पाहिली. पुढे 1915 मध्ये त्यांनी नट-दिग्दर्शक पाउल वेगेनर यांचं भाषण ऐकलं. सिनेमाने नाटकाची नक्कल करू नये, कॅमेऱ्यालाच जमेल असं अद्भुत काही करावं, हा त्यांचा आग्रह. मुलगी भारावली आणि वेगेनर जिथे काम करत त्या माक्स राइनहार्ट यांच्या नाट्यसंस्थेच्या अभिनयवर्गात दाखल झाली. तिथे ती विंगेत उभी राहून रंगमंचावरच्या नटांच्या छायाकृती कापायची.

हे काम वाटतं त्याहून अवघड आहे. छायाकृतीला डोळे नसतात, ओठ नसतात, कपाळावरची आठी नसते. नट कोण आणि त्या क्षणी तो चिडलाय की घाबरलाय, हे मानेच्या कलावरून, खांद्याच्या उतारावरून, मनगटाच्या वळणावरून कळायला हवं. नाही कळलं तर कागद वाया. अशा शेकडो आकृत्या कापताना शरीर भावना कशी बोलतं, याचा जणू अभ्यासक्रमच पुरा होतो. वेगेनर यांनी ते ओळखलं आणि आपल्या चित्रपटांच्या अक्षरपाट्यांसाठी त्यांच्याकडून छायाकृती करून घेतल्या. 1918 च्या 'हॅमेलिनचा पुंगीवाला' या चित्रपटात खरे उंदीर काही केल्या ऐकेनात, तेव्हा लाकडी उंदीर एकेका फ्रेमला थोडे थोडे सरकवावे लागले. त्या सरकवणाऱ्या हातांत लोटेचेही हात होते. निर्जीव वस्तू चालवायचा धडा त्यांना असा अडलेल्या कामातून मिळाला.

वेगेनर यांच्याच ओळखीने त्या बर्लिनमधल्या नव्या, प्रयोगशील संस्थेत गेल्या. 1919 मध्ये पहिला छोटा चित्रपट झाला. त्यात दोन प्रेमिक आणि त्यांच्या मनःस्थितीप्रमाणे आकार बदलणारं एक नक्षीकाम, एवढंच होतं. तिथेच कार्ल कोख भेटले. 1921 मध्ये लग्न झालं.

यावर कुणी म्हणेल, हा सगळा योगायोगांचा खेळ. वेगेनर भेटले नसते तर? पुढे लुइस हागेन हे बँकर भेटले नसते तर? महागाईच्या काळात त्यांनी कच्च्या फिल्मचा साठा घेऊन ठेवला होता. तोच पूर्ण लांबीच्या चित्रपटाला कामी आला. आधार मिळाला हे खरंच. पण अशा माणसाने एखाद्या कलावंतावर फिल्म खर्चायची ठरवावी, याआधी दाखवण्यासारखं काम हातात असावं लागतं, आणि ते होतं. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: कॅमेरा कोख यांचा, जादूई पार्श्वभूमी वाल्टर रुटमान यांची, समुद्राच्या लाटा बर्टोल्ड बार्टोश यांच्या, मग लोटेचं काय? पात्रं. प्रेक्षक ज्यांच्याबरोबर घाबरतो आणि हळवा होतो, त्या आकृत्या त्यांनीच कापल्या आणि चालवल्या. 'पहिला' हा शब्द मात्र जपून वापरावा. अर्जेंटिनात किरिनो क्रिस्तियानी यांनी 1917 मध्येच पूर्ण लांबीचा ॲनिमेशनपट केला होता. तो हरवला, आज पाहता येतो तो असा सर्वांत जुना चित्रपट लोटेचा.

काम चालायचं पॉट्सडॅमला, हागेन यांच्या गॅरेजवरच्या खोलीत. छत इतकं खाली की काचेचं टेबल बुटकं ठेवावं लागलं आणि लोटे एका मोडीत काढलेल्या मोटारीच्या सीटवर गुडघे टेकून बसायच्या. काचेखालून प्रकाश, वरून कॅमेरा. काळा पुठ्ठा आणि शिशाचा पातळ पत्रा यांच्या बाहुल्या, सांधे तारेने जोडलेले. हात केसभर सरकवायचा, फ्रेम घ्यायची, पुन्हा सरकवायचा. 1923 ते 1926, सुमारे 96,000 फ्रेम्स. मे 1926 मध्ये बर्लिनच्या फोक्सब्यूने नाट्यगृहात पहिला खेळ लागला, तेव्हा त्यांना 27 वं वर्ष पुरं व्हायला महिना बाकी होता.