नाण्यांवरचे देव

१९७० साली उत्तर अफगाणिस्तानात, आय-खानुमच्या उत्खननात फ्रेंच संशोधकांना चांदीची सहा चौकोनी नाणी मिळाली. एका बाजूला नांगरधारी बलराम, दुसऱ्या बाजूला चक्रधारी वासुदेव. नाणी पाडणारा राजा मात्र ग्रीक, अगाथोक्लीस. काळ इसवी सनापूर्वी १८० च्या आसपासचा. कृष्णाच्या सर्वांत जुन्या ज्ञात प्रतिमांत या नाण्यांची गणना होते.

देवदेवतांची नाणी जमवणाऱ्याला हा अनुभव पुढेही येत राहतो. राजा एका धर्माचा, छापावरचा देव दुसऱ्याचा. कनिष्काच्या सोन्याच्या नाण्यावर बुद्ध उभा आहे आणि शेजारी ग्रीक लिपीत 'बोद्दो'. महंमद घोरीने बैठ्या लक्ष्मीचा आधीचा छाप तसाच ठेवला आणि आपलं नाव नागरीत घातलं. हैदरअलीचा होन भिंगाखाली धरावा: करंगळीच्या नखाएवढ्या सोन्यावर शिव-पार्वती शेजारी बसलेले, शिवाच्या हाती त्रिशूळ, मागे बारीक दाण्यांच्या पृष्ठावर हैदरच्या नावाचं एकच फारसी आद्याक्षर. मद्रासला ईस्ट इंडिया कंपनीनेही दोन देवींसह व्यंकटेशाचे होन पाडले. कारण उघड आहे. ओळखीचा छाप असला की सराफ नाणं बिनबोभाट घेई.

अकबराचं राम-सीतेचं नाणं मात्र या हिशेबात बसत नाही. १६०४-०५ चं, त्याच्या अखेरच्या दिवसांतलं, वर नागरीत 'राम सीय'. नमुने इतके थोडे की ते पेठेसाठी पाडलं असं मला वाटत नाही. ती बादशहाची स्वतःची आवड असावी.

१८३५ नंतर कंपनीच्या रुपयावर ब्रिटिश राजाचा चेहरा आला आणि देव मागे पडले. स्वतंत्र भारतात १९९९ मध्ये एक रुपयावर संत ज्ञानेश्वर आले, २००२ मध्ये दोन रुपयांवर तुकाराम. ही दोन्ही नाणी अजून कुणालाही जमवता येतात.

याउलट रामदरबार किंवा मारुती असलेलं, १८१८ सालचं म्हणून विकलं जाणारं 'कंपनीचं एक आण्याचं नाणं' घेऊ नका. कंपनीने असं नाणं कधी पाडलंच नाही; एक आण्याचं पहिलं सरकारी नाणं १९०७ चं. ते देवस्थानी विकले जाणारे शिक्के आहेत. आणि देवघरात पिढ्यान्‌पिढ्या पुजलेलं एखादं जुनं नाणं असेल, तर यंदा लक्ष्मीपूजनाआधी ते चिंचेने घासू नका. आधी जाणकाराला दाखवा.