ग्राफिक्स कार्ड : किंमत किती, काम किती?

दहावी-बारावीचे निकाल लागले, की पालक शिक्षकांकडे सल्ला मागायला येतात. शाखा कोणती, कॉलेज कोणते, हे नेहमीचे प्रश्न. अलीकडे त्यांत एका नव्या प्रश्नाची भर पडली आहे. "सर, मुलगा म्हणतोय संगणकात ग्राफिक्स कार्ड टाकायचंय, तीस-पस्तीस हजार लागतील. ते खरंच लागतं का हो?"

लोणावळ्याजवळच्या कुरवंडे गावासारख्या ठिकाणी, भाताच्या उत्पन्नातून एवढी रक्कम बाजूला काढायची तर हा निर्णय लहान नाही. मुलाने कुठेतरी पाहिलेले, ऐकलेले आकडे असतात. विक्रेत्याकडे छापील तक्ते असतात. पालकांकडे मात्र विश्वासाचे माणूस एकच, ते म्हणजे शिक्षक. आमच्या मते या प्रश्नाचे उत्तर देण्यासाठी संगणकतज्ज्ञ असण्याची गरज नाही. कार्डाचे काम कसे चालते हे समजले, की पुढे उरते ते गुणोत्तर-प्रमाणाचे गणित.

कार्ड करते काय?

कुरवंडे गावातून नागफणीचा कडा दिसतो. इंग्रजांनी त्याला 'ड्यूक्स नोज' असे नाव दिले. हा कडा संगणकाच्या पडद्यावर उभा करायचा आहे, असे समजा. संगणक तो लहान लहान त्रिकोणांत तोडतो. त्रिकोणच का? तीन पायांची तिवई कशाही जमिनीवर ठेवली तरी डगमगत नाही. चार पायांचे टेबल डगमगते. कारण एका रेषेत नसलेल्या तीन बिंदूंतून नेहमी एकच प्रतल जाते. त्यामुळे त्रिकोणाचा पृष्ठभाग निश्चित असतो आणि त्यावर ऊन किती पडेल, सावली कुठे येईल, हे गणिताने काढता येते.

आता पडद्याकडे पाहू. नेहमीच्या पडद्यावर आडवे १९२० आणि उभे १०८० चित्रबिंदू असतात. म्हणजे एकूण २०,७३,६००. हालचाल सलग दिसावी म्हणून सेकंदाला ६० चित्रे काढायची, तर सेकंदाला १२ कोटींहून अधिक बिंदूंचे रंग ठरवावे लागतात. शिवाय एकेका बिंदूसाठी पुष्कळ बेरजा-गुणाकार करावे लागतात. ग्राफिक्स कार्ड हे काम करते.

लावणीचे उदाहरण

संगणकाचा मुख्य प्रोसेसर हे काम करू शकत नाही काय? करू शकतो, पण सावकाश. मावळातील भातलावणी आठवा. एखादा कसबी शेतकरी शेतीची सगळी कामे उत्तम करतो, पण खाचर एकट्याने लावायला त्याला दिवस लागतील. तेच चाळीस माणसे ओळीने उभी राहिली, तर काम झटक्यात होते. प्रत्येकाने आपापल्या समोरची जागा लावायची. शेजाऱ्याला काही विचारायचे कारण नाही. चित्रबिंदूंचेही तसेच आहे. एका बिंदूचा रंग काढण्यासाठी सहसा दुसऱ्या बिंदूच्या उत्तराची वाट पाहावी लागत नाही. म्हणून ग्राफिक्स कार्डात हजारो लहान गणक एकाच वेळी राबतात. त्यांना कोअर म्हणतात.

पण लावणीला नुसते हात पुरत नाहीत. रोपांच्या जुड्या वेळेवर खाचरात पोचल्या नाहीत, तर चाळीसही माणसे कमरेवर हात ठेवून उभी राहतील. कार्डातल्या कोअरना माहिती पुरवणारी मेमरी म्हणजे या जुड्या. ती दर सेकंदाला किती माहिती पोचवू शकते, हे गिगाबाइटमध्ये मोजतात. एक गिगाबाइट म्हणजे सुमारे शंभर कोटी बाइट. एकूण काम किती होईल, हे हात आणि जुड्या यांपैकी जे कमी पडेल त्यावर ठरते.

तीन कार्डे, वेगवेगळी मापे

आता खरी उदाहरणे घेऊ. एनव्हीडिया या कंपनीची मधल्या किमतीची तीन कार्डे पाहा. किमती ती बाजारात आली तेव्हाच्या, अमेरिकेतील, कर वगळून आहेत.

आरटीएक्स ३०६० : २०२१, ३२९ डॉलर, ३५८४ कोअर, मेमरी १२ गिगाबाइट, मेमरीचा वेग सेकंदाला ३६० गिगाबाइट, वीज १७० वॅट.

आरटीएक्स ४०६० : २०२३, २९९ डॉलर, ३०७२ कोअर, मेमरी ८ गिगाबाइट, वेग २७२ गिगाबाइट, वीज ११५ वॅट.

आरटीएक्स ५०६० : २०२५, २९९ डॉलर, ३८४० कोअर, मेमरी ८ गिगाबाइट, वेग ४४८ गिगाबाइट, वीज १४५ वॅट.

हा तक्ता फळ्यावर लिहून मुलांना विचारा : यांतले सर्वांत किफायतशीर कार्ड कोणते? ४०६० मध्ये कोअर कमी, मेमरी कमी आणि मेमरीचा वेगही कमी. मग ते ३०६० पेक्षा मागे पडायला हवे. प्रत्यक्षात बहुतेक खेळांत ते पुढे असते. कारण त्याचे कोअर अधिक चपळ आहेत. ३०६० चे कोअर सेकंदाला सुमारे १७८ कोटी ठोके घेतात, तर ४०६० चे सुमारे २४६ कोटी. प्रत्येक ठोक्याला कोअर दोन क्रिया करतो असे धरून गुणाकार केला, की ३०६० च्या वाट्याला सेकंदाला १२.७ लाख कोटी क्रिया येतात, ४०६० च्या वाट्याला १५.१ लाख कोटी आणि ५०६० च्या वाट्याला १९.२ लाख कोटी. शिवाय ४०६० च्या चिपमध्येच माहितीचा छोटा साठा ३ ऐवजी २४ मेगाबाइटचा केलेला आहे. म्हणजे बांधावरच जुड्यांचा ढीग रचून ठेवला, जेणेकरून दूरच्या वाफ्याकडे फेऱ्या कमी व्हाव्यात.

आता भागाकार करू. दर १०० डॉलरला ३०६० सुमारे ३.९ लाख कोटी क्रिया देते, ४०६० सुमारे ५, आणि ५०६० सुमारे ६.४. या मापाने ५०६० पहिले. पण मेमरीच्या दर गिगाबाइटला किती डॉलर पडले, हे पाहिले तर ३०६० ला सुमारे २७ आणि इतर दोघांना सुमारे ३७. या मापाने सर्वांत जुने कार्ड स्वस्त. वॅटमागे काम किती, असे विचारले तर ४०६० आणि ५०६० जवळजवळ बरोबरीत, आणि ३०६० खूप मागे.

म्हणजे 'चांगले कार्ड कोणते' हा प्रश्नच अपुरा आहे. कोणत्या कामासाठी, हे ठरवल्याशिवाय त्याला उत्तर नाही.

खिंड कुठे आहे?

मेमरी किती, या प्रश्नाला आज विशेष महत्त्व आले आहे. एप्रिल २०२५ मध्ये आलेले आरटीएक्स ५०६० टीआय हे कार्ड दोन रूपांत निघाले : ८ गिगाबाइटचे ३७९ डॉलरला, आणि १६ गिगाबाइटचे ४२९ डॉलरला. चिप तीच, कोअर तेवढेच, म्हणजे ४६०८. मेमरीचा वेगही तोच, ४४८ गिगाबाइट. मग जास्तीचे ५० डॉलर कशासाठी?

काम ८ गिगाबाइटमध्ये मावत असेल, तर दोन्ही कार्डे जवळजवळ सारखीच चालतात. मावेनासे झाले, की उरलेली माहिती संगणकाच्या मुख्य मेमरीत ठेवावी लागते, आणि ती आणायची वाट अरुंद असते. नव्या संगणकात या वाटेची क्षमता या कार्डासाठी सेकंदाला सुमारे ३२ गिगाबाइट, म्हणजे कार्डावरील मेमरीच्या चौदाव्या हिश्श्याएवढी. काही वर्षांपूर्वीच्या संगणकात ती सुमारे ८ गिगाबाइट, म्हणजे छप्पन्नावा हिस्सा.

कुरवंडे परिसरातील मुलांना हे सांगायला इतिहासातला एक दाखला हाताशी आहे. कारतलबखान मोठी फौज घेऊन कुरवंडे घाटाने कोकणात उतरत होता. २ फेब्रुवारी १६६१ रोजी शिवाजी महाराजांनी त्याला उंबरखिंडीत गाठले. फौज मोठी होती, पण खिंडीत एका वेळी मावणारी माणसे थोडी. मागच्या सैन्याचे बळ पुढे उपयोगी पडेना. संगणकाचेही असेच होते : ४६०८ कोअर मागे खोळंबतात आणि पडद्यावरचे चित्र अडखळते.

इतर कंपन्यांच्या कार्डांतही निवड हीच आहे. एएमडीचे आरएक्स ९०६० एक्सटी जून २०२५ मध्ये ८ गिगाबाइट २९९ डॉलरला आणि १६ गिगाबाइट ३४९ डॉलरला आले. इंटेलचे आर्क बी५८० डिसेंबर २०२४ मध्ये १२ गिगाबाइट मेमरीसह २४९ डॉलरला आले. मात्र दोन कंपन्यांच्या कोअरची संख्या एकमेकांशी ताडून पाहू नये. ९०६० एक्सटीत २०४८ कोअर, तर ५०६० टीआयमध्ये ४६०८; तरी कामात दुपटीचा फरक दिसत नाही. कोअर कशाला म्हणायचे, हे प्रत्येक कंपनी आपल्या पद्धतीने ठरवते.

किंमत कशी ठरते?

५०६० आणि ५०६० टीआय ही दोन्ही कार्डे मुळात एकाच आराखड्याच्या चिपवर बनतात. सिलिकॉनच्या तबकडीवर अशा पुष्कळ चिपा एकदम कोरल्या जातात, आणि त्यांपैकी काहींत दोष राहतो. अशी चिप फेकून न देता तिचा सदोष भाग बंद करतात आणि उरलेले ३८४० कोअर चालू ठेवून ती स्वस्त कार्डात वापरता येते. गिरणीतून आलेल्या इंद्रायणीतला अख्खा तांदूळ एका भावाने जातो, कणी दुसऱ्या. तसाच हा प्रकार.

भारतात या किमतीत आणखी भर पडते. ५०६० बाजारात आले तेव्हा डॉलर सुमारे ८५ रुपयांना होता. २९९ डॉलरचे २५,४१५ रुपये झाले. त्यावर १८ टक्के वस्तू व सेवा कर धरला, की जवळजवळ ३०,००० रुपये. वाहतूक आणि विक्रेत्याचा नफा वेगळाच. चलन-रूपांतर आणि शेकडेवारी शिकवायला हे उदाहरण चांगले आहे.

मागणीचाही परिणाम होतो. २०२०-२२ या काळात इथेरियम हे आभासी चलन 'खणण्यासाठी' ही कार्डे घाऊक विकत घेतली जात होती. टाळेबंदीमुळे मागणी वाढलेली आणि चिपांचा तुटवडा होताच. छापील किमतीला कार्ड मिळणे दुरापास्त झाले. १५ सप्टेंबर २०२२ रोजी इथेरियमची पद्धत बदलली, आणि कार्डाने खणण्याची ही गरज संपली. २०२५ च्या अखेरीस कृत्रिम बुद्धिमत्तेच्या मोठ्या केंद्रांची मागणी वाढली आणि मेमरी चिपांचे भाव चढले. म्हणून छापील किंमत केवळ अंदाजासाठी. हिशेब करायचा तो दुकानातल्या आजच्या किमतीवर.

आकडे वाचताना

तीन ठिकाणी विशेष सावध राहावे लागते.

पहिले, नाव. आरटीएक्स ३०६० याच नावाने २०२२ मध्ये ८ गिगाबाइटचे आणखी एक कार्ड निघाले. त्याच्या मेमरीचा वेग ३६० ऐवजी २४० गिगाबाइट होता. लॅपटॉपमधील कार्डाला पुष्कळदा कमी वीज मिळते, त्यामुळे नाव तेच असूनही काम कमी होते.

दुसरे, सरासरी. समजा, १०० चित्रांपैकी ९९ चित्रांना प्रत्येकी १० मिलिसेकंद लागले आणि एकाला ५०० मिलिसेकंद. एकूण वेळ १४९० मिलिसेकंद. सरासरी सेकंदाला ६७ चित्रे, म्हणजे उत्तम! पण मध्येच अर्धा सेकंद पडदा थिजला होता, हे सरासरी सांगत नाही. वर्गाच्या सरासरी गुणांत नापास झालेला मुलगा जसा दिसत नाही, तसेच हे. मेमरी कमी पडते तेव्हा असेच घडते. म्हणून चाचणीत सरासरीबरोबर सर्वांत संथ चित्रांचा आकडाही पाहावा.

तिसरे, भरीची चित्रे. नवी कार्डे दोन खऱ्या चित्रांच्या मध्ये अंदाजाने चित्रे घालतात. ५०६० मालिका आली तेव्हा तिच्यात एका खऱ्या चित्रामागे अशी तीनपर्यंत चित्रे घालता येत होती. हालचाल मऊ दिसते, पण आपण कळ दाबल्यावर मिळणारा प्रतिसाद खऱ्या चित्रांच्याच वेगाने येतो. जाहिरातीतील 'दुप्पट', 'चौपट' या आकड्यांत ही भर मोजली आहे का, हे विचारलेच पाहिजे.

खेळापलीकडे

हे सारे केवळ खेळासाठीच असते, असे मात्र नाही. पुणे जिल्ह्यातच खोडद येथे जीएमआरटी ही महाकाय रेडिओ दुर्बीण आहे. तिच्या ३० अँटेनांपैकी प्रत्येकीचा संदेश दुसऱ्या प्रत्येकीशी ताडून पाहायचा, तर ३० × २९ ÷ २, म्हणजे ४३५ जोड्या होतात. दुर्बिणीची सुधारणा झाल्यावर हे काम ग्राफिक्स प्रोसेसरवर होऊ लागले. एकच हिशेब असंख्य आकड्यांवर एकाच वेळी करायचा, ही लावणीचीच रीत आहे. त्रिमित ॲनिमेशन, वास्तुरचनेची चित्रे आणि कृत्रिम बुद्धिमत्तेचे प्रयोग याच कारणाने या कार्डांवर वेगाने होतात.

मग पालकांना काय सांगावे?

प्रथम कामाची यादी करायला सांगावी. टंकलेखन, इंटरनेट, चित्रफिती पाहणे, प्रोग्रामिंग शिकणे, भूमितीची आज्ञावली चालवणे, एवढेच असेल तर वेगळ्या कार्डाची गरज नाही. बहुतेक प्रोसेसरमध्येच पुरेशी सोय असते. त्या पैशांत मुख्य मेमरी वाढवणे किंवा जुन्या हार्ड डिस्कऐवजी एसएसडी बसवणे अधिक उपयोगाचे. पावसाळ्यात वीज वारंवार जात असेल, तर यूपीएस आधी घ्यावा.

ॲनिमेशन किंवा कृत्रिम बुद्धिमत्तेचे काम खरोखर करायचे असेल, तर मेमरीचा आकडा आधी पाहावा. हे काम मेमरीत मावले नाही, तर एक तर रेंगाळते, नाही तर सुरूच होत नाही. खेळ हाच मुख्य हेतू असेल, तर तसे मोकळेपणाने म्हणावे. त्यात गैर काही नाही, पण तो खर्च 'अभ्यासा'च्या खात्यावर मांडू नये. आपला संगणक किती जुना आहे, त्याचा वीजपुरवठा कार्डाला पुरेल का, हेही पाहावे. विजेचाही हिशेब करावा. १७० आणि ११५ वॅटच्या कार्डांत ५५ वॅटचा फरक आहे. रोज चार तास याप्रमाणे वर्षातून ३०० दिवस पूर्ण भाराने चालवल्यास ६६ युनिटांचा फरक पडतो. युनिटला १० रुपये धरले, तर ६६० रुपये.

आणि हा सारा हिशेब शक्यतो त्या मुलाकडूनच कागदावर मांडून घ्यावा. कोणते काम, त्याला काय कमी पडते, आणि दर शंभर रुपयांना काय मिळते, या तीन रकाने असलेल्या तक्त्यातून पालकांना उत्तर मिळेल. शिवाय गुणोत्तर-प्रमाण कशासाठी शिकायचे, हे मुलालाही कळेल.