शिकविण्याचे शिक्षण

शाळेचे वर्ष सुरू होऊन काही महिने लोटले, म्हणजे पुष्कळ प्राथमिक शाळांतून एक नवा प्रकार दृष्टीस पडतो. वर्गाचे नेहमीचे गुरुजी किंवा बाई मागच्या बाजूस जाऊन बसतात, आणि फळ्यापुढे एखादा अठरा-वीस वर्षांचा तरुण किंवा तरुणी खडू घेऊन उभी राहते. मुले घरी जाऊन सांगतात, "आज आम्हांला नव्या बाईंनी शिकविले." आईबापांच्या मनात तेव्हा सहजच एक शंका येते. ज्याला अजून शिकविता येत नाही, त्याने आमच्या मुलांवर हात का बसवून घ्यावा? एखादी वस्तू बिघडली तर दुसरी करता येते. मुलाचे वर्ष बिघडले तर ते कोण भरून देणार?

ही शंका अगदी रास्त आहे, आणि तिला उडवाउडवीचे उत्तर देणे योग्य होणार नाही. म्हणून शिकविण्याचे शिक्षण कसे मिळते, ते प्रत्यक्ष वर्गातच का घ्यावे लागते, आणि त्यात मुलांचे नुकसान होऊ नये म्हणून कोणती काळजी घ्यावयाची असते, याचा थोडासा विचार आम्ही येथे करणार आहोत.

प्रथम थोडा इतिहास पाहू. जुन्या काळच्या पंतोजींच्या शाळेत शिक्षक होण्यासाठी निराळे शिक्षण लागत नसे. ज्याला मोडी अक्षर, पाढे आणि हिशेब येत असे, तो शिकवू शकतो, असे सर्वजण धरून चालत. पुढे मुंबई इलाख्यात सरकारी व मिशनच्या शाळा वाढू लागल्या, तेव्हा विषय येणे आणि विषय शिकविता येणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे जाणत्यांच्या लक्षात आले. शिक्षक तयार करण्यासाठी १८४५ साली मुंबईत नॉर्मल वर्ग निघाला, आणि त्याची धुरा बाळशास्त्री जांभेकर यांच्याकडे आली. 'दर्पण' पत्राचे संपादक म्हणून आपण त्यांना ओळखतो. परंतु खेड्यापाड्यांतील शाळांसाठी शिक्षक घडविण्याचे त्यांचे हे कार्यही तितकेच मोलाचे होते. दुर्दैवाने १८४६ सालीच त्यांचे निधन झाले.

स्त्रियांच्या बाबतीत सावित्रीबाई फुले यांचे उदाहरण सर्वांस ठाऊक आहे. अमेरिकन मराठी मिशनच्या सिंथिया फरार या बाई १८२७ साली मुंबईस आल्या व पुढे अहमदनगर येथे मुलींच्या शाळा चालवू लागल्या. त्यांच्याकडे, आणि पुण्यास मिचेलबाईंच्या नॉर्मल स्कुलात, सावित्रीबाईंनी शिक्षिकेचे शिक्षण घेतल्याचे त्यांच्या चरित्रकारांनी नमूद केले आहे. सावित्रीबाईंच्या धैर्याविषयी आपण नेहमी ऐकतो. परंतु धैर्याच्या जोडीला त्यांनी शिकविण्याची विद्याही रीतसर मिळविली होती, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

सांप्रत प्राथमिक शिक्षक होऊ इच्छिणाऱ्यास बारावीनंतर दोन वर्षांचा डी. एल. एड. अभ्यासक्रम करता येतो. राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या २०१४ च्या नियमांनी या दोन वर्षांत किमान वीस आठवडे प्रत्यक्ष शाळेत काम करणे आवश्यक ठरविले. या कामास आंतरवासिता म्हणतात, आणि ते करणाऱ्यास छात्राध्यापक किंवा छात्राध्यापिका.

आता विषय हवेत राहू नये, म्हणून आपण एक गाव डोळ्यांपुढे धरू. पनवेलहून रोह्याकडे जाणाऱ्या लोहमार्गावर आपटे आणि हमरापूर या स्थानकांच्या मध्ये जिते नावाचे स्थानक लागते. गाव पेण तालुक्यातील आहे. जिल्हा रायगड, ज्याला १९८१ पूर्वी कुलाबा म्हणत. या तालुक्यात खाडीच्या अंगास खारभूमीची भातशेती व मिठागरे आहेत, डोंगराच्या अंगास ठाकूर आणि कातकरी लोकांच्या वाड्या आहेत, आणि हमरापूर-जोहे या बाजूस घरोघर गणेशमूर्तींचे कारखाने आहेत. अशा गावच्या प्राथमिक शाळेत एखादी छात्राध्यापिका आली, अशी कल्पना करू.

पहिले काही दिवस तिने केवळ पाहावयाचे असते. गुरुजी प्रश्न कोणाला विचारतात, उत्तर चुकले तर काय करतात, फळ्यावर काय लिहितात आणि काय पुसतात, कोणता मुलगा खिडकीबाहेर पाहत बसतो, हे सर्व तिने टिपून ठेवावयाचे असते. पाहण्याचे हे काम वाटते तितके सोपे नाही. आपण सर्वांनी आयुष्याची दहा-बारा वर्षे शिक्षकांना पाहण्यात घालविलेली असतात. पण ती विद्यार्थ्याच्या बाकावरून. त्याच वर्गाकडे शिक्षकाच्या दृष्टीने पाहावयास नव्याने शिकावे लागते.

नंतर टाचण करावयाचे. पाठाचा हेतू काय, आरंभ कसा करावयाचा, कोणते साहित्य लागेल, प्रश्न कोणते विचारावयाचे, हे आदल्या दिवशी कागदावर मांडून अनुभवी शिक्षकांना दाखवावे लागते. जर्मन तत्त्वज्ञ हर्बार्ट (१७७६–१८४१) याच्या विचारांवरून त्याच्या अनुयायांनी पाठाच्या पाच पायऱ्या बसविल्या. प्रस्तावना, प्रतिपादन, तुलना, सामान्यीकरण आणि उपयोजन, अशी ही 'पंचपदी' महाराष्ट्रातील शिक्षकांच्या कित्येक पिढ्यांनी पाठ केलेली आहे. तिचे मर्म एका वाक्यात सांगावयाचे, तर मुलाला जे ठाऊक आहे, तेथून आरंभ करून जे ठाऊक नाही तेथे त्याला न्यावे. परंतु मुलाला काय ठाऊक आहे, हे टाचणाच्या वहीत सापडत नाही. ते मुलापाशीच असते. वर्गात उभे राहिल्यावाचून शिकविणे का येत नाही, याचे कारण येथे आहे.

उदाहरणार्थ, दुसरीच्या वर्गात वजाबाकीचा पाठ चालला आहे असे समजा. फळ्यावर गणित आहे, बेचाळीसमधून सतरा वजा करा. एक मुलगा मोठ्या विश्वासाने सांगतो, "पस्तीस." नवी शिक्षिका काय करील? बहुधा "चूक!" असे म्हणून दुसऱ्यास विचारील, किंवा हातचा घेण्याची रीत पुन्हा एकदा मोठ्या आवाजात सांगेल. मागे बसलेले गुरुजी पाठ संपल्यावर तिला म्हणतील, "बाई, त्याला विचारावयाचे होते, तू हे कसे केलेस?" तसे विचारले असते, तर उलगडा झाला असता. चारातून एक गेला, तीन राहिले. दोनातून सात जात नाहीत, म्हणून त्याने साताततून दोन काढले, पाच राहिले. मिळून पस्तीस. मुलगा निष्काळजी नव्हता. त्याने स्वतःच्या बुद्धीने एक नियम बनविला होता, की नेहमी मोठ्यातून लहान वजा करावे. आणि तो नियम इमानाने पाळला होता.

एवढे समजले, म्हणजे उपाय सुचतो. नारळाच्या झावळीचे हीर काढून त्यांच्या दहा-दहांच्या जुड्या बांधाव्या. चार जुड्या आणि दोन सुटे हीर मुलाच्या हाती द्यावे आणि सतरा मागावे. दोन सुट्यांतून सात देता येत नाहीत, हे त्याला आपोआप दिसते. तो एक जुडी सोडतो. सुटे बारा होतात. त्यांतून सात देतो, पाच उरतात. उरलेल्या तीन जुड्यांपैकी एक देतो, दोन उरतात. पंचवीस! हातचा म्हणजे काय, ते त्याच्या हातांनीच त्याला सांगितले. आणि चुकलेले उत्तर हे मुलाच्या मनात डोकावण्याचे दार असते, हे त्या दिवशी शिक्षिकेला समजले. हा तिचा धडा त्या मुलाच्या धड्याहून लहान नव्हे.

दुसरी गोष्ट भाषेची. या भागातील आगरी बोलीत 'पाणी' हे 'पानी' होते, 'डोळा' हा 'डोला' होतो, आणि 'गाडी'ची 'गारी' होते. आगरी घरातील मुलगी पुस्तकात 'गाडी' पाहून 'गारी' असे वाचते, तेव्हा तिने अक्षर ओळखले नाही असे नव्या शिक्षिकेस वाटते. वस्तुतः तिने अक्षर बरोबर ओळखले आहे, अर्थही बरोबर लावला आहे. उच्चार मात्र आईच्या तोंडचा आहे. तिला सर्वांदेखत हटकले, तर ती पुढच्या वेळी वाचणारच नाही. जाणते शिक्षक त्या शब्दाचा अर्थ विचारतात, तिची बोली ऐकून घेतात, आणि मग पुस्तकी उच्चार तिच्या शेजारी ठेवतात. घरच्या भाषेची लाज न वाटता पुस्तकाची भाषा यावी, हे साधणे मोठ्या कौशल्याचे काम आहे.

तिसरी अडचण वर्गांच्या संख्येची. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याप्रमाणे पहिली ते पाचवीच्या शाळेत साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक असावयाचे. अर्थात लहान गावात एका शिक्षकाला दोन-तीन इयत्ता एकाच वेळी सांभाळाव्या लागतात. एका इयत्तेला शिकवावे, दुसरीला लेखन द्यावे, तिसरीतील हुशार मुलाकडून पहिलीच्या मुलांची अक्षरे गिरवून घ्यावी, अशी कसरत करावी लागते. मोठ्या मुलाने धाकट्यास शिकविण्याची ही युक्ती आपल्याकडे जुनीच आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस डॉ. अँड्र्यू बेल या पाद्र्याने मद्रासेस मुलांना वाळूवर अक्षरे गिरविताना पाहिले, ती युक्ती आपल्या शाळेत आणली, मोठ्या मुलांकडून लहानांस शिकविण्याची पद्धत बसविली, आणि पुढे ती इंग्लंडात नेली. ज्या गोष्टी आपण बाहेरून शिकलो असे समजतो, त्यांपैकी काही येथूनच तिकडे गेल्या होत्या, हे आमच्या विद्यार्थ्यांनी विसरू नये.

आणि चौथी गोष्ट सर्वांत कठीण. दिवाळी होते न होते तोच काही कातकरी कुटुंबे वीटभट्ट्यांच्या कामावर बाहेरगावी जातात व पावसाळ्याच्या तोंडी परत येतात. त्यांची मुलेही बरोबर जातात. हजेरीपटावर नाव असते, जागा रिकामी असते. परत आल्यावर शिकलेली अक्षरे पुसट झालेली असतात. या मुलासाठी कोणते टाचण लिहावे? येथे कै. ताराबाई मोडक व कै. अनुताई वाघ यांच्या कार्याचे स्मरण होते. १९४५ साली त्यांनी बोर्डी येथे खेड्यातील बालशिक्षणाचे कार्य आरंभिले, आणि १९५७ पासून ते डहाणू तालुक्यातील कोसबाड येथे चालविले. वारल्यांची मुले गुरे राखावयास जात, म्हणून शाळेत येत नसत. तेव्हा या बाईंनी शाळाच कुरणात नेली आणि तिला 'कुरणशाळा' असे नाव दिले. जे मूल शाळेत येत नाही त्याच्याकडे शाळेने जावे, हा पाठ कोणत्याही पंचपदीत नाही. तो त्या मुलांनीच या थोर शिक्षिकांना दिला.

आता पालकांच्या मूळ शंकेकडे वळू. हमरापूरच्या कारखान्यात नवशिक्या मुलाला कोणी पहिल्याच दिवशी मूर्तीचे डोळे आखावयास देत नाही. तो प्रथम माती मळतो, साच्यातून अंग काढतो, हात सफाईदार करतो. डोळ्यांची आखणी पुष्कळ वर्षांनी त्याच्या वाट्यास येते. शिवाय शाडूचे काम बिघडले, तर ती माती भिजवून पुन्हा मळता येते. मुलाच्या मनाचे तसे नाही. त्याचा अपमान झाला, किंवा 'मला गणित येत नाही' अशी त्याची एकदा समजूत झाली, की ती पुसणे फार अवघड जाते. म्हणून छात्राध्यापकाच्या हाती वर्ग एकदम सोपवावयाचा नसतो. आधी निरीक्षण, मग टाचणाची तपासणी, मग एकच पाठ, आणि तो चालू असताना मागे अनुभवी शिक्षकाची उपस्थिती. पाठानंतर त्यावर मोकळी चर्चा, आणि काही राहिले असल्यास दुसऱ्या दिवशी वर्गशिक्षकांनी ते भरून काढणे. ही साखळी शाबूत असेल, तर मुलांचे नुकसान होत नाही. उलट एकाऐवजी दोन माणसांचे लक्ष त्यांच्याकडे असते. आणि ही साखळी तुटली, मागची खुर्ची रिकामी राहिली, छात्राध्यापकाला केवळ रिकामा वर्ग सांभाळण्यास धाडले, तर मात्र पालकांची तक्रार खरी आहे, आणि ती त्यांनी शाळेपुढे अवश्य मांडावी.

पालकहो, पाण्यात पडल्यावाचून पोहता येत नाही, ही म्हण येथे लागू आहे. फक्त काठावर जाणता मनुष्य उभा असला पाहिजे. आज जे गुरुजी आपल्या मुलांना उत्तम शिकवितात, तेही कोणे एके काळी कोणाच्या तरी मुलांपुढे थरथरत उभे होते. त्या मुलांच्या आईबापांनी तेवढा धीर धरला, त्याचे फळ आज आपली मुले घेत आहेत. म्हणून मुलाने 'नव्या बाई आल्या' असे सांगितले, तर त्याला दोन गोष्टी विचाराव्या. त्यांनी आज काय शिकविले? आणि तू त्यांना काय विचारलेस?

विद्यार्थिमित्रहो, तुमच्यापैकी काहीजण उद्या हाच व्यवसाय पत्करतील. त्याची पूर्वतयारी आजच करता येईल. घरातील धाकट्या भावंडाला एखादे गणित समजावून द्या. ते चुकले तर रागावू नका, "हे तू कसे केलेस?" एवढेच विचारा, आणि उत्तर शेवटपर्यंत ऐकून घ्या.