नवा लॅपटॉप आणि ‘मंद चार्जर’ची सूचना

आमच्या पेढीत हिशेबासाठी नवा लॅपटॉप आला, त्याच महिन्यातील ही गोष्ट. तारीख १९, जीएसटीआर-३बी विवरणपत्राची मुदत दुसरे दिवशी संपत होती. रात्री नऊच्या सुमारास पडद्याच्या कोपऱ्यात सूचना उमटली की, जोडलेला चार्जर मंद आहे. तार जोडलेली असूनही बॅटरी उतरू लागली. माल सदोष निघाला असे समजून आम्ही विक्रेत्यास फोनवर चार कठोर शब्द ऐकविले. वास्तविक मूळ चार्जर घरी राहिला होता, आणि टेबलावर सापडलेला मोबाईलचा चार्जर दिवाणजींनी जोडला होता. सभासदांपैकी अनेकांवर असा प्रसंग येत असावा, म्हणून हा खुलासा करीत आहोत.

पूर्वी लॅपटॉपच्या चार्जरचे टोक मोबाईलच्या चार्जरहून निराळे असे. अदलाबदल होणेच शक्य नव्हते. २०१४ साली यूएसबी-सी हे टोक आले आणि पुढे दोहोंचे तोंड एकच झाले. शक्ती मात्र एक झाली नाही. ती वॅटमध्ये मोजतात. व्होल्टला अँपिअरने गुणिले की वॅट निघतात. मोबाईलच्या साध्या चार्जरवर ९ व्होल्ट, २ अँपिअर असे छापलेले आढळते, म्हणजे १८ वॅट. नेहमीच्या कामाच्या लॅपटॉपचा चार्जर बहुधा ४५ किंवा ६५ वॅटचा असतो.

तार जोडताच चार्जर प्रथम केवळ ५ व्होल्ट देतो. मग आपल्याजवळ काय काय आहे, ५, ९, १५, २० व्होल्ट आणि प्रत्येकी किती अँपिअर, याची यादी तो लॅपटॉपपुढे मांडतो. लॅपटॉप त्यातील एक पसंत करतो. तंत्रज्ञ या व्यवहारास ‘करार’च म्हणतात! यादीतील सर्वांत मोठी रक्कमही गरजेस अपुरी पडली, तर सूचना उमटते. काम चालू असता तूट बॅटरीतून भरून काढली जाते, म्हणून ती जोडलेल्या स्थितीतही उतरते. यंत्रास यामुळे इजा होत नाही. मोबाईलच्या काही चार्जरांवर ६७ वॅटसारखा ठळक आकडा असतो, पण तो पुष्कळदा त्याच कंपनीच्या मोबाईलपुरता खरा असतो. लॅपटॉपच्या वाट्यास त्याहून पुष्कळ कमी येते.

चार्जर योग्य असूनही सूचना आली, तर संशय तारेवर घ्यावा. साध्या यूएसबी-सी तारेतून ३ अँपिअर, म्हणजे २० व्होल्टवर ६० वॅट, एवढेच जातात. ५ अँपिअरच्या तारेच्या टोकात एक सूक्ष्म चिप असते. तिने आपली ओळख सांगितल्याशिवाय चार्जर ३ अँपिअरच्या पुढे जात नाही. म्हणून १०० वॅटचा चार्जर मोबाईलच्या तारेने जोडला तर ६०च मिळतात. २०२१ च्या सुधारणेनंतर ही पद्धत २४० वॅटपर्यंत पोहोचली आहे. तार घेताना तिच्यावर छापलेला आकडा अवश्य वाचावा.

दोन तोंडांचा चार्जर दुसरे यंत्र जोडताच शक्ती वाटून देतो. लॅपटॉपवरील प्रत्येक यूएसबी-सी खाच चार्जिंग स्वीकारतेच असेही नाही. बॅटरी ८० टक्क्यांवर थांबते ती मात्र आयुष्य वाढविण्याची व्यवस्था असते. तिचा या सूचनेशी संबंध नाही.

तेव्हा मूळ चार्जर, मूळ तार, सरळ भिंतीतील सॉकेट आणि चार्जिंगची खूण असलेली खाच, एवढे जुळवून पाहावे. यंत्र एकदा बंद करून पुन्हा चालू करावे. त्यानंतरही सूचना राहिली, तरच हमीपत्र घेऊन दुकानाची पायरी चढावी.

आमचे विवरणपत्र त्याच रात्री, घरून चार्जर मागवून, भरले गेले. दुसरे दिवशी विक्रेत्याची क्षमा मागण्यास गेलो, आणि परतताना ५ अँपिअरची एक तार विकत घेऊन आलो.