पाटाचं पाणी बंद होण्याची वर्दी

जानेवारी 2021. शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीतून निवृत्त झालेल्या माझ्या मामांनी उचगावच्या घरी बसून पाच लाखांची ठेव पाच वर्षांसाठी करायचं ठरवलं. ज्येष्ठ नागरिक म्हणून मिळणारी वाढ धरून व्याज 6.2 टक्के. "मामा, एवढी लांबची मुदत कशाला?" असं मी विचारलं, तर म्हणाले, "आठावरनं इथवर आलंय. अजून खाली गेलं मग काय करायचं?"

त्यांचं भय खोटं नव्हतं. कोरोना आला तसा रिझर्व्ह बँकेने मार्च 2020 मध्ये रेपो दर, म्हणजे ती बँकांना ज्या व्याजाने उसने पैसे देते तो दर, 5.15 वरून 4.40 वर आणि 22 मे रोजी 4 टक्क्यांवर आणला. रोख राखीव प्रमाण, म्हणजे ठेवींतला जो हिस्सा बँकांना तिच्याकडे ठेवावा लागतो तो, चारवरून तीन टक्के केलं. बँकांकडे पैसा उदंड झाला आणि ठेवीदाराची गरज उरली नाही. ठेवीवरचं व्याज का घसरलं, त्याचं उत्तर एवढंच आहे.

पण पाटाला पाणी सोडतात तसं बंदही करतात, आणि बंद करण्याआधी वर्दी देतात. ही वर्दी ओळखणं हेच गुंतवणूकदाराचं खरं काम, असं मला वाटतं. आपण सगळे रेपो दराकडे डोळे लावून बसतो. तो वाढला 4 मे 2022 रोजी, अचानक घेतलेल्या बैठकीनंतर. पण पाणी कमी करायला सुरुवात त्याच्या कितीतरी आधी झाली होती. 2021 च्या एप्रिल ते सप्टेंबर या सहा महिन्यांत रिझर्व्ह बँकेने बाजारातून 2.2 लाख कोटींचे सरकारी रोखे विकत घेण्याचा कार्यक्रम चालवला. रोखे घ्यायचे आणि त्या बदल्यात बँकांच्या हाती पैसा द्यायचा. 8 ऑक्टोबर 2021 च्या पतधोरणात गव्हर्नर शक्तिकांत दास यांनी हा कार्यक्रम थांबवला. व्याजदर त्या दिवशी जागचा हलला नाही, म्हणून गावोगावच्या ठेवीदारांपर्यंत ती बातमी पोहोचलीच नाही. दरवाढीला मग सात महिने होते. त्या सात महिन्यांत लांब मुदतीत नवा पैसा न अडकवणं, एवढं जरी केलं असतं तरी पुरलं असतं.

व्याजदर वाढले की रोख्यांचं गणित उलटं चालतं. डिसेंबर 2020 मध्ये केंद्र सरकारने 5.85 टक्क्यांचा दहा वर्षांचा रोखा काढला. जून 2022 मध्ये बाजारात साडेसात टक्के मिळू लागले, तेव्हा हा जुना कमी व्याजाचा रोखा शंभराला कोण घेणार? त्याचा भाव नव्वदीच्या आसपास आला. मुदत जेवढी लांब, तेवढी ही घसरण मोठी. अमेरिकेतली सिलिकॉन व्हॅली बँक मार्च 2023 मध्ये बुडाली, त्यामागे असेच स्वस्ताईच्या काळात घेतलेले लांब मुदतीचे रोखे होते.

मामांच्या ठेवीपेक्षा मला जास्त काळजी होती त्यांच्या मुलाच्या कर्जाची. त्याने 2020 मध्ये फ्लॅटसाठी वीस लाख घेतले होते. वीस वर्षं मुदत, 6.9 टक्के व्याज, हप्ता 15,386 रुपये. कर्ज रेपोशी जोडलेलं. मे 2022 ते फेब्रुवारी 2023 या काळात रेपो अडीच टक्क्यांनी वाढून 6.50 झाला आणि त्याचं व्याज 9.4 वर गेलं. हप्ता तेवढाच राहिला, म्हणून तो निश्चिंत होता. एका रविवारी आम्ही खातेउतारा उघडून बसलो. शिल्लक मुद्दल एकोणीस लाख, त्यावर महिन्याचं व्याज 14,880. म्हणजे पंधरा हजारांच्या हप्त्यातले जेमतेम पाचशे रुपये मुद्दलात जात होते. उरलेली अठरा वर्षांची मुदत त्या हिशेबाने छत्तीस वर्षांच्याही पुढे गेली होती. तो नुसता उताऱ्याकडे बघत राहिला. ऑगस्ट 2023 मध्ये रिझर्व्ह बँकेने हप्ता वाढवायचा की मुदत, हे कर्जदाराला विचारा असं बँकांना बजावलं, ते अशाच घरांसाठी. त्याने हप्ता साडेअठरा हजार करून घेतला आणि सोन्यासाठी चाललेली भिशी बंद केली. 9.4 टक्क्यांचं कर्ज फेडणं म्हणजे तेवढं व्याज खात्रीने कमावणं. अशा वेळी याहून चांगली गुंतवणूक मला तरी माहीत नाही.

मामांचं त्यानंतर पाहिलं. एप्रिल 2023 पासून पोस्टातल्या ज्येष्ठ नागरिक बचत योजनेला 8.2 टक्के मिळू लागले. ठेव मोडली तर झालेल्या दोन वर्षांचं व्याज कमी दराने, वर दंड. असे बारा हजार कापून 4,88,000 हातात येणार होते. मामांचा जीव तुटत होता. दूध बिलाच्या पाठीवर मी आकडे मांडले. आता वर्षाला 31,000 मिळतात, तिकडे 40,000 मिळतील. बारा हजार सोळा महिन्यांत वसूल. मामांनी तो कागद दोनदा वाचला आणि मगच सही केली.

एका पतसंस्थेचा साडेनऊ टक्क्यांचा कागदही त्यांच्या खिशात होता. तिकडे जाऊ नका म्हणून मी हट्टच धरला. बँकेतल्या पाच लाखांपर्यंतच्या ठेवीला विमा असतो, पतसंस्थेतल्या ठेवीला तो नसतो.

निवृत्तीचे बाकीचे पैसे एक, दोन, तीन अशा वेगवेगळ्या मुदतींत विभागले. मामांना हे लगेच पटलं. उसाच्या आडसाली, पूर्वहंगामी आणि सुरू या तिन्ही लागणी घरात पाहिलेला माणूस सगळा पैसा एकाच तारखेवर कशाला ठेवेल?

फेब्रुवारी 2025 पासून दर पुन्हा उतरू लागले आणि जूनमध्ये रेपो 5.50 वर आला. त्या महिन्यात मामांचा फोन आला. "पोस्टातलं व्याज कमी झालं का रे?" मी म्हणालो, नाही, पैसे भरताना जो दर होता तो 2028 पर्यंत पक्का आहे. पलीकडे पत्र्याच्या पेटीचं झाकण वाजलं. "मग पुढच्या महिन्यात एक पावती सुटतीय, तिचं काय ते रविवारी येऊन बघ."