पुडीतले औषध : चूर्ण आणि दाणे

औषध म्हटले की गोळी किंवा इंजेक्शन आठवते. पण चूर्ण व दाणेदार औषधांचे महत्त्वही कमी नाही. काही औषधे पाण्यात थोड्याच दिवसांत निकामी होतात, कोरडी मात्र दीर्घकाळ टिकतात. अगदी बारीक चूर्णाच्या गुठळ्या होतात, म्हणून काही औषधांचे दाणे करतात. ते सहज ओतता येतात आणि त्यांतील घटक वेगवेगळे होत नाहीत.

पुडीचे सामर्थ्य १९७१ साली दिसून आले. बांगलादेश मुक्तियुद्धातील निर्वासितांच्या बनगाव येथील छावणीत पटकीची साथ पसरली. सलाईन अपुरे पडू लागले. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, खाण्याचा सोडा व ग्लुकोज यांच्या पुड्या तयार करवून घेतल्या आणि ते पाणी रुग्णांना पाजले. मृत्यूचे प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून ४ टक्क्यांच्या खाली आले. त्यांना २०२३ साली मरणोत्तर पद्मविभूषण जाहीर झाले.

हे कसे घडते? जुलाबात शरीरातील पाणी व क्षार निघून जातात. आतड्यात ग्लुकोज शोषले जाताना मिठातील सोडियमला बरोबर नेते आणि त्यामागे पाणी जाते. आजच्या एक लिटरच्या पुडीत ग्लुकोज १३.५ ग्रॅम, मीठ २.६, सायट्रेट २.९ व पोटॅशियम क्लोराइड १.५ ग्रॅम असते. सोडा असलेले मिश्रण दमट हवेत लवकर बिघडे, म्हणून पुढे त्याजागी सायट्रेट आले.

प्रमाण चुकले तर हेच औषध अपाय करते. एक लिटरची पुडी पेलाभर पाण्यात घातली तर क्षार फार वाढून बालकाच्या जिवावर बेतू शकते. म्हणून पुडीवर लिहिले असेल तेवढ्याच स्वच्छ पाण्यात पूर्ण पुडी घालावी. घोटघोट पाजावे. उरलेले पाणी २४ तासांनंतर टाकून द्यावे. अंगावरचे दूध बंद करू नये. मूल सुस्त झाले, पिईनासे झाले किंवा शौचात रक्त दिसले तर ताबडतोब दवाखाना गाठावा.

मुलांच्या प्रतिजैविकांच्या बाटलीतही पुष्कळदा कोरडे चूर्ण वा दाणे असतात. उकळून गार केलेले पाणी खुणेपर्यंत घालून बाटली हलवावी. फेस बसल्यावर पातळी उतरली तर पुन्हा खुणेपर्यंत भरावे. प्रत्येक वेळी हलवूनच द्यावे, नाहीतर औषध तळाशी राहते. वेष्टनावरील मुदत संपताच उरलेले फेकावे.

वाचता येणाऱ्याने शेजारच्या घरातील पुडीवरील सूचनाही वाचून दाखवाव्यात. तेवढ्यानेही एखादे मूल वाचेल.