विंचवाचा दंश आणि तीन तासांचा हिशेब

औंध-खटावच्या माळावर दगड उचलताना लाल विंचवाची धास्ती असतेच. महाडच्या डॉ. हिम्मतराव बावस्करांनी या दंशावर प्राझोसिन रूढ केलं. मूळचं ते रक्तदाबाचं औषध. त्याचं अर्धायुष्य साधारण 3 तास, म्हणजे तेवढ्यात शरीरातलं निम्मं औषध संपतं.

किलोमागे 30 मायक्रोग्रॅम धरले, तर 20 किलोच्या पोराला 600. तीन तासांनी उरले 300. पुन्हा 600 दिले की 900. मग 450 अधिक 600, म्हणजे 1050. पुढे 1125. असे कितीही डोस झाले तरी आकडा 1200 ओलांडत नाही. (गोळी रक्तात उतरायला लागणारा वेळ इथे सोडून दिलाय.)

डोस मात्र गणित पाहून थांबवत नाहीत. गार पडलेले हातपाय उबदार झाले की डॉक्टर थांबवतात. तोवर रुग्णाला आडवंच ठेवायचं, कारण या औषधाने रक्तदाब एकदम उतरू शकतो.